ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत

कसबा बावडा, कोल्हापूर
सोमवार, दि. १५ सप्टेंबर २०२५

लिहून देणार : दादासो आप्पासो मगदूम, वय वर्षे एकोणऐंशी, धर्म जैन, धंदा शेती, शिक्षण मराठी चौथी उत्तीर्ण, राहणार कसबा बावडा, तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर. बस्तीच्या (जैन मंदिराच्या) पंचमंडळाचा माजी सदस्य. पूर्वी बांधाच्या दाव्यात न्यायालयात एकदा जबानी दिली असून ती खोटी ठरलेली नाही.

लिहून घेणार : प्रियदर्शनी बाई, रविवारच्या ऑनलाइन विज्ञानवर्गाच्या शिक्षिका, मुक्काम अणुवीज केंद्राची वसाहत, राजस्थान.

जय जिनेंद्र.

काल सकाळच्या वर्गात आपण विचारलेत, "हा प्रश्न कुणाचा?" त्यावर आपली भाची सई हिच्या चौकटीतून उत्तर आले नाही. सत्य स्मरून लिहून देतो की तो प्रश्न माझा होता. अक्षरे सईने दाबली, कारण ती बोटे माझ्याजवळ नाहीत. वाक्य माझे होते. टॅब बंद कसा करावा हे मला अवगत नसल्याने मी तो उशीखाली घातला. उशीखालूनही आपला आवाज येतच होता : "सई, बाळ, कुणाचा प्रश्न आहे? सांग की." मुलीचा यात काही दोष नाही.

आपण पर्यावरणाचा पाठ घेत होता. धूर कोठे जातो, राख कोठे जाते, हे आपण मुलांना विचारत होता. त्या ओघात माझा प्रश्न गेला. तो येथे पुन्हा लिहितो, म्हणजे त्यास कागदाचा आधार राहील : "आमच्या घरी पाणी गाळल्यावर गाळण्यावर जे सूक्ष्म जीव राहतात, त्यास जिवाणी म्हणतात. ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत ती अलगद परत सोडावी लागते. दुसरीकडे टाकणे हे पाप. तुम्ही अणूची वीज गाळून घेतल्यावर गाळण्यावर जे उरते, ते कोणत्या विहिरीत सोडता?"

हा प्रश्न आपण वाचलात. पडद्यावरील मुले 'बाई अडकल्या, नेट गेलं' असे म्हणू लागली. नेट गेले नव्हते, हे मी पाहिले आहे.

हे पत्र मी आपला वडील या नात्याने लिहीत नाही. तो विषय सहा वर्षांपूर्वी सईच्या वाढदिवसाच्या पंगतीत बंद झाला. अणू फोडून केलेली वीज माझ्या घरात नको, असे मी पाहुण्यांसमक्ष म्हणालो. आपण म्हणालात, "अण्णा, तुम्हाला चौथीच्या पुढचं काही कळत नाही." मी म्हणालो, "मग चौथीच्या पुढं जाईन तेव्हाच तुझ्याशी बोलेन." त्यानंतर आपण या उंबऱ्यावर आला नाहीत आणि मीही शब्द मोडला नाही. आपल्या मातोश्री अक्काताई रोज सकाळी गोठ्यात जाऊन कोणाशी तरी फोनवर बोलतात. म्हशीशी बोलत असाव्यात, असे मी धरून चाललो आहे.

हे पत्र क्षमावणीचेही नव्हे. पर्युषणानंतर सर्वांची क्षमा मागण्याची ती तिथी गेल्या आठवड्यात होऊन गेली.

पत्राचे कारण इतकेच. आपल्या वर्गाच्या सूचनेत 'चौथी उत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी, इयत्ता पाचवी ते सातवी' असे छापले आहे. मी चौथी उत्तीर्ण आहे. वयाची अट छापलेली नाही. सबब, सईच्या चौकटीत लपून न बसता माझे नाव हजेरीपटावर स्वतंत्र घ्यावे आणि माझ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांसमक्ष द्यावे. नात्याची कोणतीही सवलत देऊ नये.

मोबाईलवर लिहिलेले पुसता येते, म्हणून टपालाने पाठवीत आहे.

आपला विद्यार्थी,
दादासो आप्पासो मगदूम

•

कसबा बावडा
सोमवार, दि. २९ सप्टेंबर २०२५

प्रियदर्शनी बाईंस, जय जिनेंद्र.

पत्र पोहोचल्याचे काल कळले. हजेरीच्या वेळी आपण सईच्या नावानंतर किंचित थांबलात आणि मग पुढचे नाव घेतलेत. माझे नाव घेतले नाहीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. विद्यार्थ्याने कॅमेरा चालू केल्याखेरीज हजेरी लागत नाही, हा आपला नियम सईने मला वाचून दाखविला. नियम योग्य आहे. कॅमेऱ्याचे मी पाहीन.

प्रश्नाचे उत्तर मात्र आपण दिलेत. ते मला कसे पोहोचले, हे नमूद करणे माझे कर्तव्य आहे.

आपण आधी विहिरीचे चित्र काढलेत. तिला कडीची बादली लावलीत. तळाला कडी असलेली बादली कशी असते, ती पाण्याला टेकल्यावरच कडीच्या दोराने कशी उलटवितात, वरून ओतले तर ते जीव आपटून कसे मरतात, हे आपण लातूरच्या आणि नंदुरबारच्या मुलांना समजावून दिलेत. ती बादली आजही आपल्या परसात खुंटीला आहे.

नंतर आपण खडूएवढा एक नमुना चिमटीत धरलात. अशा एका तुकड्यात गाडीभर उसाच्या चिपाडाची धग असते, म्हणालात. मी आयुष्याची वीस गळीत हंगाम गुऱ्हाळ चालविले आहे. रसाची काईल उकळायला गाडीभर चिपाड चुलवाणात घालताना माणसाचे काय होते, हे मी जाणतो. ती सारी धग आपल्या दोन बोटांच्या चिमटीत मावली होती. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. सई म्हणाली, "आज्जा, बसा की, काय झालं?"

पुढे आपण म्हणालात की, एवढ्या आगीने शेवटी पाणीच उकळतात. वाफ होते, वाफेने चाक फिरते, चाकाने वीज होते. मी आजवर समजत होतो की अणू फुटला म्हणजे आकाशातल्यासारखी वीज कडाडून तारेत शिरते. पाणी उकळायचे! राधानगरीला धरणाचे पाणी चाक फिरवते आणि तुमच्याकडे वाफ फिरवते. त्या धरणावर मी दोनदा गेलो आहे. दोन्ही वेळा मी नुसते पाणी पाहून परत आलो.

गडहिंग्लजच्या संयोगिता नावाच्या मुलीने विचारले, "बाई, अणू फुटतो तेव्हा त्याला दुखतं का हो?" मुले हसली. आपण हसला नाहीत. म्हणालात, "दुखत नाही गं. पण तो परत पहिल्यासारखा होत नाही. आणि तो कधी घडला माहितीय? पृथ्वी नव्हती तेव्हा. एखादा मोठा तारा मोडला, त्या उलथापालथीत." मी चष्मा काढून पुसला. आपल्या शास्त्रांत सागरोपम, म्हणजे मोजता न येणारा, काळ सांगितला आहे. लहानपणी पाठशाळेत पंडितजी त्याचे वर्णन करीत, तेव्हा तो काळ फक्त पोथीत असतो असे मला वाटे. ताऱ्याच्या मोडतोडीतील वस्तू चिमटीत धरता येते, हे मला कोणी सांगितले नव्हते.

मग विहिरीची गोष्ट. वापरून झालेले इंधन आधी कित्येक वर्षे खोल पाण्यात निववितात, त्यातील उपयोगाचे वेगळे काढतात, उरलेले काचेत मुरवून पोलादी पिंपांत बंदोबस्ताने ठेवतात. हे सर्व आपण सांगितलेत. इथवर मी मान हलवीत होतो. मग लातूरच्या मुलाने विचारले, "आणि त्यानंतर?"

आपण म्हणालात, "त्यानंतर खडकात खूप खोल ठेवायचं, असा विचार आहे. पण आपल्या देशात ती जागा अजून ठरलेली नाही. खरं सांगते मुलांनो, त्याची विहीर आम्हाला अजून सापडलेली नाही. सापडेपर्यंत सांभाळायचं, उघड्यावर टाकायचं नाही."

बाई, मी बस्तीच्या पंचमंडळात बसलो, सोसायटीत बसलो, लग्नाच्या बैठकींत बसलो. 'अजून सापडलेले नाही' हे वाक्य मी भर सभेत कोणाच्या तोंडून ऐकले नाही. माझ्या तोंडून तर नाहीच. आपण ते चाळीस मुलांसमोर उच्चारलेत आणि आपली मान खाली गेली नाही.

मला आपण सात वर्षांच्या असतानाचा उन्हाळा आठवला. विहीर आटली होती आणि पंचगंगेचे पाणी आणून घरात गाळत होतो. मी जिवाणी विहिरीच्या तळाशी उरलेल्या ओलीत सोडू लागलो, तर तू बादलीला हात घातलास. "अण्णा, हे नदीचे आहेत. ह्यांना हितं घर सापडणार न्हाई." मी रागावलो. तरी तुला सायकलच्या नळीवर बसवून, तांब्या तुझ्या मांडीत देऊन, नदीवर नेले. वाटेत एक थेंबही सांडू दिला नाहीस. हे आठवले म्हणून लिहिले. याचा वर्गाशी संबंध नाही.

कालच्याच पाठात आपण आणखी एक गोष्ट सांगितलीत. साऱ्या देशाची वीज एकाच जाळ्यात पडते. कोळशाची, पाण्याची, वाऱ्याची, अणूची, सगळी एकत्र. कोणाच्या घरात कोणती आली हे निवडता येत नाही. मी सईकडून हे वाक्य आपल्याला पुन्हा विचारून घेतले. आपण म्हणालात, "हो, राजस्थानातलीसुद्धा कोल्हापुरात."

म्हणजे अणूची वीज माझ्या घरात नको, असे मी ज्या पंगतीत म्हणालो, त्या पंगतीवरचे दिवेही त्याच जाळ्यातले होते.

मी मान वर करून वरच्या दिव्याकडे पाहत राहिलो. आपली आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय वो, शाळा सुटली का न्हाई अजून? का डबा बी भरून देऊ उद्यापास्नं?" मी म्हणालो, सुटली. ती म्हणाली, "मग दिव्याकडं काय बघत बसलाय? दिवसाढवळ्या?"

आपला विद्यार्थी,
दादासो मगदूम

•

कसबा बावडा
सोमवार, दि. ६ ऑक्टोबर २०२५

प्रियदर्शनी बाईंस, जय जिनेंद्र.

येत्या रविवारी आपण पाठाची चाचणी घेणार असून उत्तीर्ण होईल तो 'चौथीच्या पुढे, पाचवीच्या विज्ञानात गेला' असे काल जाहीर केलेत. शब्द कोणते वापरावेत हा आपला अधिकार आहे. ते मी नीट ऐकले, इतकेच कळवितो.

तयारी चालू आहे. सई मला शिकविते. ती फार कडक आहे. "आज्जा, असं न्हाई, आधी प्रश्न पुरा वाचायचा!" मी हात वर करतो, तर म्हणते, "खरा हात वर करून काय उपेग? कॅमेरा बंद हाय की तुमचा. हितं दाबायचं." मीही कोणे काळी इतका कडक होतो असे आपली आई म्हणते. कोणे काळी, हा तिचा शब्द.

फुग्यावर लोकरीची टोपी घासून मी तो भिंतीला चिकटवून पाहिला. चिकटला. तो का चिकटतो हे आपण सांगितले होते, तरी चिकटल्यावर मला धक्का बसला. एकोणऐंशी वर्षे ही टोपी माझ्या डोक्यावर किंवा खुंटीवर होती आणि तिच्यात हे होते. नंतर आपले बंधू अनेकांत यांच्या आतेसासूबाई आल्या, त्यांनी भिंतीवरचा फुगा पाहून विचारले, "कुणाचा वाढदिवस?" मी खुलासा केला नाही.

रात्रीचा दिवा लावताना आता मी बटणाशी थोडा थांबतो. याचे कारण आपल्या आईने विचारले, तेव्हा मी सांगितले, "ही कुठून कुठून येते, ठाऊक आहे का?" ती म्हणाली, "व्हय की. ती कामावर गेली तेव्हापासनं ठाऊक हाय मला." कोण 'ती', हे तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

आता एक अडचण. अनेकांत यांनी परसातील विहीर बुजवून गाडीसाठी फरशी करण्याचे ठरविले आहे. म्हणतात, "अण्णा, नळाला पाणी हाय, फिल्टर हाय. हिरीचा उपेग काय आता? गाडी उन्हात तापती." ट्रॅक्टरभर मुरूम दारात येऊन पडला आहे. त्याचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे. नळाच्या पाण्याची जिवाणी कोठे सोडायची, हे त्यालाही माहीत नाही आणि मलाही. नळाला विहीर नसते. मी पूर्वीचा असतो तर 'माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही' असे म्हणून बैठक मोडली असती. या वेळी तसे म्हटले नाही. चाचणी होईपर्यंत थांब, एवढेच म्हणालो. तो म्हणाला, "विहिरीचा आन् परीक्षेचा काय संबंध?"

संबंध काय, ते त्याला आपण सांगू शकाल असे वाटते.

कॅमेऱ्याबाबत : रविवारी चालू राहील.

आपला विद्यार्थी,
दा. आ. मगदूम

•

कसबा बावडा
सोमवार, दि. १३ ऑक्टोबर २०२५

चि. प्रियदर्शनी हिस,

काल सकाळी झालेल्या गोष्टी तू पाहिल्या आहेत, तरी त्या तुझ्या बाजूने पाहिल्या आहेत. माझ्या बाजूने काय झाले, ते कागदावर असावे म्हणून लिहितो.

मी आंघोळ करून, धोतर, कोट आणि टोपी घालून खुर्चीवर बसलो. तुझी आई म्हणाली, "नवरदेव निघाला." सईने कॅमेरा चालू केला. पडद्यावर चौकटी चौकटींत मुले होती, आणि एका चौकटीत एक म्हातारा मनुष्य टोपी घालून बसला होता. तो मी आहे हे कळायला मला क्षण लागला. संयोगिता म्हणाली, "आयो, हे आज्जा पण आपल्या वर्गात हायेत?" तिला सईने सुनावले, "मग! चौथी पास हायेत."

तू हजेरी घेऊ लागलीस. सईचे नाव घेतलेस. नंतर कागदाकडे न पाहता म्हणालीस, "दादासो आप्पासो मगदूम."

मी वर्गात शेवटचा 'हजर' म्हणालो, त्या वेळी आमचे गुरुजी छडी घेऊन पुढ्यात उभे असत. तो शब्द तोंडात तसाच होता. मी उभा राहून म्हणालो, "हजर, बाई." उभा राहिल्याने पडद्यावर फक्त माझ्या कोटाची बटणे दिसली, असे सई म्हणते.

चाचणीत माझे एक उत्तर चुकले. पाइपात पाणी साठून राहते तशी वीज तारेत साठून राहते, असे मी लिहिले होते. तू सर्वांसमोर चूक सांगितलीस, सवलत दिली नाहीस, हे उत्तम केलेस. वीज तारेत थांबत नाही. कोणी बटण दाबले की त्याच क्षणी दूरच्या फिरत्या चाकांवर तेवढा भार पडतो आणि चाकाला तो उचलावा लागतो. बाळ, हे उत्तर चुकले नसते तर मला हे कळलेच नसते. सहा वर्षे मी रोज संध्याकाळी बाहेरच्या सोप्यातला दिवा लावला. प्रत्येक वेळी तुझ्या त्या चाकाला तेवढे कळत होते. चाकाला कळत होते की हा मनुष्य अंधारात बसलेला नाही.

सबब, काल रात्री तो दिवा मी तीनदा लावला आणि विझविला. तुझी आई म्हणाली, "डोळ्यात बिघाड झाला का बल्बात?" कशातच नाही, म्हणालो.

पुढे तू निकाल वाचलास. माझ्या नावापुढे 'उत्तीर्ण' म्हणालीस, आणि मग तुझा आवाज आला नाही. मुले म्हणाली, नेट गेलं. मी त्यांना म्हणालो, "थांबा रे. नेट गेलेलं नाही."

मी बोलण्याची वाक्ये तयार करून आणली होती. चौथीच्या पुढे गेल्यावर काय बोलावे, याची सहा वर्षांत बरीच वाक्ये जमली होती. त्यांतले एकही मला त्या वेळी सापडले नाही. तूच डोळे पुसून म्हणालीस, "अण्णा... माझा आवाज येतोय का?"

मी म्हणालो, "येतोय. उशीखालूनही येत होता."

हे मी म्हणालो, हे मला मान्य आहे. सर्व मुलांनी ऐकले आहे, ते मी नाकारणार नाही.

आता विहिरीबाबत. वर्ग संपल्यावर अनेकांत माझ्या खुर्चीमागे उभा होता असे मला दिसले; केव्हापासून उभा होता, ते ठाऊक नाही. मी त्याला म्हणालो, "तुझ्या बहिणीला अजून तिची विहीर सापडलेली नाही. आपल्याला सापडलेली आहे. ती बुजवायची का, तू ठरव." दुपारी त्याने दारातला मुरूम उचलून पलीकडच्या पाणंदीत पसरला. गाडी उन्हातच उभी आहे.

दोर जुना झाला होता, तो मी आज लक्ष्मीपुरीच्या बाजारातून नवा आणला. कडीची बादली घासून ठेवली. माझे हात आता थरथरतात. कडीला हिसका बसला की बादली वरच्यावर उलटते, आणि हे काम दोघांचे आहे हे तुला माहीत आहे : एकाने वरचा दोर सोडायचा, दुसऱ्याने कडीचा धरायचा. सईला कडीचा दोर धरता येत नाही. तिला ते शिकविण्यास बाई हव्यात, आणि हा पाठ ऑनलाइन होण्यासारखा नाही.

दिवाळीला, भगवंतांच्या निर्वाणाच्या पहाटे, विहिरीवर ये.

येणेप्रमाणे हे पत्र मी राजीखुशीने, कोणाच्या दडपणाखाली नसताना, पूर्ण शुद्धीवर लिहून दिले आहे. वाचून पाहिले, बरोबर आहे.

दादासो आप्पासो मगदूम
शिक्षण : चौथीच्या पुढे

काल हजेरीच्या वेळी समक्ष असलेले साक्षीदार :

१. सौ. अक्काताई दादासो मगदूम. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. म्हशीशी बोलत नव्हत्या असे आता कबूल करतात.
२. अनेकांत दादासो मगदूम. खुर्चीच्या मागे.
३. सई अनेकांत मगदूम, इयत्ता पाचवी. टॅब धरून.
४. संयोगिता, राहणार गडहिंग्लज. आडनाव माहीत नाही. पडद्यावर हजर.
५. सोप्यातील दिवा. चालू.